अरबी अक्षरांचा डबा

"अरबी अक्षर असलेला कागद माझ्या हातून कधी उकिरड्यावर पडला नाय," असं कुलसुम होडेकर एकदा म्हणाली होती. म्हणताना तिच्या आवाजात थोडा ताठा होता, आणि तो उगाच नव्हता. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ज्या घरातलं कोणी आखातात गेलेलं, त्या घरात अशा अक्षरांचा पूर यायचा. खजुराची खोकी, साबणाची वेष्टनं, मलमाच्या बाटल्या, दूध पावडरीचे डबे. बाकीच्या बायका चार दिवस ती खोकी मिरवायच्या आणि मग त्यांत सुकी मिरची भरायच्या, नाहीतर चुलीत सारायच्या. कुलसुमच्या लेखी अलिफ तो अलिफ, कुराणात असो की साबणावर. खोकं रिकामं झालं की ती ते डोळ्यांना लावायची, चपटं करायची आणि कपाटावरच्या निळ्या बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. डबा भरला की सगळं फडक्यात बांधायचं, आत शिशाचा एक तुकडा घालायचा, जाळ्याची कड पाण्यात बुडून राहावी म्हणून लावतात तो, आणि गाठोडं नवऱ्याच्या हाती द्यायचं. नझीर ते खोल पाण्यात सोडून यायचा. असं अक्षर समुद्राच्या स्वाधीन करता येतं, घाणीत टाकता येत नाही, हे तिला लहानपणी कुराण शिकवणाऱ्या बाईनं सांगितलं होतं. ती शाळेत गेली नव्हती. मराठी तिला वाचता येत नसे, इंग्रजी तर नाहीच. कुराण मात्र तिनं दोनदा संपवलं होतं. अक्षर लावता यायचं, अर्थ कळायचा नाही, आणि अर्थ कळला पाहिजे असं तिला कोणी सांगितलंही नव्हतं.

नझीर बावीस वर्षं एका ट्रॉलरवर तांडेल होता. बोट कुठं न्यायची, जाळं कुठं टाकायचं, परत कधी फिरायचं, सगळं तांडेल ठरवतो. १९९९ च्या हिवाळ्यात भर पाण्यात त्याच्या छातीत दुखायला लागलं. मुलगा यासीन त्याच बोटीवर खलाशी होता. बंदराला लागल्यावर त्यानं बापाला पाठुंगळी घेतलं आणि मासळीच्या टोपल्यांतून वाट काढत रिक्षापर्यंत नेलं. नझीर वाचला, पण समुद्र सुटला. तो बंदरावरच्या ताडपत्रीखाली बसून दुसऱ्यांची फाटकी जाळी तुणायला लागला. आणि पुढच्याच वर्षी यासीन ओमानला, सलालाला गेला. एसी दुरुस्तीच्या कामावर. बापाला या हालात टाकून गेला असं बंदरावर कोणीतरी म्हणालं, ते यासीनच्या कानावर पडलं, आणि तिकडं जाऊनही ते त्याच्या कानातच राहिलं.

डॉक्टर अक्षया परुळेकर तेव्हा नुकत्याच रत्नागिरीत आल्या होत्या. त्यांनी नझीरला तीन-चार गोळ्या लिहून दिल्या. त्यातली एक कोलेस्टेरॉलची, रात्री जेवल्यावर घ्यायची. ती देताना त्यांनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं होतं की ही गोळी जन्मभराची आहे, बरं वाटलं म्हणून मधे सोडायची नाही आणि बरं वाटेना म्हणून आपल्या मनानं वाढवायचीही नाही. मांड्या, खांदे विनाकारण दुखायला लागले, लघवी काळपट झाली, तर एक दिवसही थांबू नका. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर माझा कागद आधी दाखवा, कारण काही औषधांचं या गोळीशी जमत नाही. नझीर मान हलवत होता. बाहेर पडल्यावर तो कुलसुमला म्हणाला, डॉक्टरीण चांगली हाय, पण बोलते फार. कागद त्यानं चौघडी करून तंबाखूच्या डबीत ठेवला. तो तिथंच राहिला.

२००२ च्या जानेवारीत सलालाहून सुटीवर आलेल्या एकानं यासीनची पिशवी आणून दिली. अत्तर, बदाम, आणि औषधाचं एक पांढरं खोकं. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला अरबी. फोनवर यासीन म्हणाला, अब्बांच्या हार्टची गोळी हाय, इथली चांगली असते. आधीची बंद कर असं तो म्हणाला नाही. बंद करू का असं तिनं विचारलं नाही. बंदरावर प्रत्येक घराला ठाऊक होतं की आखातातलं औषध म्हणजे असली. इथली गोळी डॉक्टरणीची, ती औषध. यासीनची गोळी पोरानं पाठवलेली, ती ताकद. कुलसुमनं त्या रात्रीपासून दोन्ही द्यायला सुरुवात केली. इथली पाण्याबरोबर, तिथली दुधाबरोबर. दर महिना-दीड महिन्यानं कोणी ना कोणी येत राहिलं आणि पांढरी खोकी येत राहिली. रिकामं झालेलं प्रत्येक खोकं तिनं डोळ्यांना लावलं आणि निळ्या डब्यात ठेवलं. वाचायची अक्षरं ती नुसती डोळ्यांना लावत होती.

नझीरला ती गोळी आवडायची. तो मुलाशी फार बोलत नसे, फोनवर तर दोन वाक्यांच्या वर नाहीच. पण रात्री जेवण झालं की विचारायचा, "यासीनची दिलीस?"

शेजारची गोदा मासळी विकायची. तिनं एकदा कुलसुमला गाठलं. आमच्या घोवालाही दे गो एक गल्फची, उठून कामाला तरी लागेल, असं म्हणत तिनं नवऱ्यासाठी नेलेल्या गोळ्या स्वतःच खाल्ल्या, चार दिवस. पाचव्या दिवशी येऊन म्हणाली, "तुझ्या गोळीनं माझे पाय ओंडक्यासारखे झाले. नझीरभायला सोसते म्हंजे गडी मर्द हाय." दोघी हसल्या. गोदानं पुढं गोळ्या मागितल्या नाहीत, आणि कुलसुमला त्या बोलण्यात हसण्यापलीकडे काही दिसलं नाही.

तसं वर्ष गेलं. त्या वर्षात नझीरला काही झालं नाही हेही खरंच. गोळ्या आपलं काम करत होत्या, दोन माणसांचं काम एका शरीरात.

नोव्हेंबरात त्याच्या जांघेत आणि पोटावर गजकर्ण उठलं. दिवसभर ओल्या जाळ्यांत बसणाऱ्याला ते व्हायचंच. तो स्टँडजवळच्या कातडीच्या डॉक्टरकडे गेला. त्यानं विचारलं, दुसरं काही चालू आहे का. नझीर म्हणाला, हार्टची एक गोळी. तंबाखूची डबी खिशात होती. ती उघडावी असं त्याला वाटलं नाही, आणि त्या डॉक्टरनंही पुढं काही विचारलं नाही. महिनाभराच्या कॅप्सूल मिळाल्या.

ईद झाली आणि त्याच्या मांड्या दुखायला लागल्या. मग खांदे. जाळं तुणताना हात वर धरवेना. कुलसुमनं खोबरेल तेल कोमट करून चोळलं. त्याच सुमारास मशिदीत जुम्म्याच्या नमाजाला तो सजद्यात गेला आणि त्याला उठता येईना. कपाळ चटईवर, हात दोन्ही बाजूंना. रांग उभी राहिली, बसली, सलाम फिरवून मोकळी झाली, तरी तो तसाच. दोघांनी बगलेत हात घालून उचलला. घरी सांगताना तो हसत होता. "अल्लानं धरून ठेवला. म्हणाला, बस थोडा, घाई काय हाय."

कुलसुम हसली नाही. माणसाची ताकद चालली होती हे तिला दिसत होतं, आणि ताकद कुठून येते हे तिला माहीत होतं. त्या रात्रीपासून तिनं यासीनच्या दोन गोळ्या द्यायला सुरुवात केली.

चार दिवसांनी नझीर मोरीतून भिंत धरत बाहेर आला आणि म्हणाला, कोकमाचं आगळ ओतल्यासारखं होतंय. तिनं जाऊन बघितलं. डॉक्टरणीचं बोलणं तिला तेव्हा आठवलं, पूर्ण, शब्दाला शब्द. रिक्षा करून ती त्याला घेऊन गेली.

परुळेकरबाईंनी त्याला तिथंच दाखल करून घेतलं. नझीरच्या खिशातून कॅप्सूलचं पाकीट निघालं, त्यावरचं नाव त्यांनी दोनदा वाचलं. मग त्यांनी कुलसुमला बाहेर बाकावर बसवून सांगितलं. कोलेस्टेरॉलची गोळी आणि गजकर्णाच्या या कॅप्सूल एकत्र पोटात जायला नको होत्या. कॅप्सूलमुळं ती गोळी शरीरातून बाहेरच पडत नाही, साठत जाते. मग स्नायू विरघळून रक्तात उतरायला लागतात, आणि तो गाळ मूत्रपिंडांत जाऊन अडकतो. दोन्ही आता बंद. सलाईननं मूत्रपिंडं धुऊन काढायची. गोळी कमी ताकदीची होती, वेळेत आलात, रोग उतरेल. नाहीच उतरलं तर कोल्हापूर. रक्त शुद्ध करायचं यंत्र तिकडं आहे. मग त्यांनी विचारलं की अजून कुठली औषधं चालू आहेत का.

कुलसुम नाही म्हणाली. ते खोटं नव्हतं. तिला विचारलं होतं औषधाबद्दल.

आणि त्या संध्याकाळी ती घरून पेज घेऊन आली. नझीरला गिळायला त्रास होत होता, म्हणून यासीनच्या दोन गोळ्या तिनं पेजेत चुरून घातल्या. दुसऱ्या संध्याकाळीही घातल्या. इस्पितळानं इथली औषधं बंद केली होती, मग निदान असली तरी पोटात जायला हवी. तो डोळे मिटून विचारायचा, यासीनची दिलीस? ती म्हणायची, दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर खाटेशी आल्या. रक्ताचा कागद त्यांच्या एका हातात होता आणि गोळ्यांची जुनी पट्टी दुसऱ्या हातात. त्यांनी कुलसुमला जवळ बोलावलं.

"भाभी, मला हे समजत नाही. गोळी बंद करून तीन दिवस झाले. इतकं पाणी चढवलं. आकडा खाली यायला हवा होता, तो वर चाललाय." त्यांनी पट्टी उलटी करून वाचली. "सिमव्हास्टॅटिन. वीसची. एवढ्याशा गोळीनं एवढं होणार नाही. नीट आठवून सांगा. अजून काही जातंय का त्यांच्या पोटात?"

"पेज," कुलसुम म्हणाली. "आणि पाणी."

डॉक्टरांनी पट्टी खिशात टाकली. म्हणाल्या की आजची रात्र बघू, उद्या सकाळी ठरवू. लघवी थांबली तर मात्र माझ्या हातात फार राहणार नाही.

कुलसुम घरी आली. रिक्षात, दारात, कुलूप काढताना ते नाव तिच्या डोक्यात घोळत होतं. तिनं तसलं नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं, तरी ते कुठंतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. ऐकलेली गोष्ट पाहिल्यासारखी का वाटावी, ते तिला कळेना. तिनं निळा डबा खाली काढला. वरचंच पांढरं खोकं घेतलं आणि खिडकीपाशी बसून, लहानपणी कुराणाच्या शिकवणीला बसायची तशी मांडी घालून, उजव्या हाताचं बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं. कुराणात अक्षरांना खालीवर खुणा असतात, त्यांच्या आधारानं वाचता येतं. या अक्षरांना खुणा नव्हत्या. तिनं एकेक लावत नेलं. सीन. ये. मीम. फे. अलिफ. पुन्हा पहिल्यापासून. सीम. सीमफा. सीमफासता. सीमफासतातीन.

ती थांबली. दुसरं खोकं घेतलं. तिसरं. सगळ्या पांढऱ्या खोक्यांवर तेच होतं. वर्षभर ते तिच्या घरात होतं, तिला वाचता येणाऱ्या एकुलत्या एका लिपीत.

डब्यात औषधाची अकरा रिकामी खोकी होती, आणि कपाटात एक अर्धं भरलेलं.

दिवेलागणीला गोदाच्या घरी यासीनचा फोन यायचा होता. कुलसुम गेली. गोदानं फोन तिच्या हातात दिला आणि ती चुलीपाशी गेली, पण कान इकडंच. यासीननं विचारलं, अब्बा कसे. कुलसुम म्हणाली, हायत तसेच. तो म्हणाला, रजा मागितलीय, पंधरा दिवस लागतील.

"अम्मा, माझी गोळी देतेस ना?"

"देते."

"चुकवू नको. मी तिथं नाय. माझी गोळी तरी तिथं हाय."

"हां," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर गोदा पदराला हात पुसत आली. "बाप तिकडं नळ्या लावून पडलाय नि तू पोराला हायत तसेच सांगतेस? उद्या तो उंबऱ्यात उभा राहून विचारील तेव्हा काय सांगशील गो?"

कुलसुम तेच बघत होती. यासीन उंबऱ्यात उभा. त्यानं बापाला पाठीवर घेऊन एकदा वाचवलं होतं, आणि आता कोणीतरी त्याला सांगणार होतं की बापाची ही गत त्याच्याच गोळीनं केली. सांगणारं कोणी नसलं तर त्याला कधी कळणार नव्हतं. डॉक्टरणीच्या कागदावर कॅप्सूलचं नाव होतं. ते पुरेसं होतं. आजपासून गोळी बंद करायची आणि गप्प राहायचं. गोळी थांबली की रोग उतरेल असं डॉक्टरणीनंच सांगितलेलं. मग बोलायची गरज काय?

त्या संध्याकाळी तिनं नुसती पेज नेली. नझीरनं विचारलं. दिली, ती म्हणाली. तो झोपल्यावर ती त्याच्या पायापाशी बसून राहिली. पोटऱ्या दगडासारख्या लागत होत्या.

उजाडताना नर्स आली, खाटेखाली लोंबणारी पिशवी तिनं उजेडात धरली. तळाशी ओंजळभरही नव्हतं, गडद तपकिरी. रात्रभरात एवढंच, ती म्हणाली, आणि कागदावर लिहून गेली. नझीर डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता. त्याचा चेहरा सुजला होता. कुलसुमनं हाक मारली तर त्यानं मान वळवायचा प्रयत्न केला आणि मान वळली नाही.

ती घरी गेली. फजरची नमाज होऊन गेली होती. तिनं अर्धं खोकंही डब्यात घातलं. नझीरच्या जाळ्याच्या सामानातला शिशाचा एक जड तुकडा काढला, तो खोक्यांच्या तळाशी ठेवला, झाकण लावलं, डबा फडक्यात बांधला आणि बंदरावर गेली. रीत होती ती. कोणी विचारलंच नसतं. बर्फ फोडणारे बर्फ फोडत होते, रात्रीच्या बोटी रिकाम्या होत होत्या. नझीरचा जुना ट्रॉलर धक्क्याला लागलेला होता, बाहेर पडायच्या तयारीत. आता त्याच्यावर रघू तांडेल होता, नझीरच्याच हाताखाली शिकलेला.

गाठोडं बघून त्याला सांगावं लागलं नाही. वर्षानुवर्षं त्यानं अशी गाठोडी नझीरच्या हातून पाण्यात जाताना पाहिली होती. तो काठावर वाकला आणि त्यानं हात पुढं केला.

"दे भाभी. नझीरभायचं हे काम आता माझं. वीस वाव खोल पाण्यात सोडतो, वर यायचं नाय."

कुलसुमनं गाठोडं पुढं केलं. रघूनं गाठ धरली. तिची बोटं मात्र सुटली नाहीत. बोट आणि धक्का यांच्यामधल्या पाण्यावर तेलाचा तवंग होता, त्यावर माशांची खवलं हलत होती. इंजिन सुरू झालं.

"धरून ठेवलंस तर बुडंल कसं?" रघू हसून म्हणाला.

तिनं ओढून घेतलं. रघूचा हात तसाच राहिला. ती वळली आणि चालायला लागली. धक्क्यावरून, लिलावाच्या गर्दीतून, ज्या वाटेनं यासीननं बापाला नेलं होतं त्या वाटेनं. रिक्षा तिनं केली नाही. का केली नाही हे तिला नंतरही सांगता आलं नसतं. चालत गेल्यामुळं अर्धा तास अजून गेला.

डॉक्टर खोलीत होत्या, रात्रीचे कागद बघत होत्या. कुलसुमनं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि बाजूला उभी राहिली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, गाठ सोडली, झाकण उघडलं. वरचं खोकं उचललं आणि इंग्रजी बाजू वाचली. मग दुसरं. मग त्यांनी सगळी खोकी टेबलावर काढली आणि अर्ध्या खोक्यातली पट्टी ओढून बघितली.

"चाळीसच्या आहेत ह्या," त्या हळू म्हणाल्या. "इथल्या गोळीबरोबर? रोज एक?"

कुलसुमनं दोन बोटं वर केली.

"इथं, दवाखान्यातही?"

तिनं होकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी फोन ओढला आणि कोल्हापूरचा नंबर फिरवला. तो लागेपर्यंत त्यांची नजर डब्याच्या तळाशी गेली. त्यांनी शिशाचा तुकडा बाहेर काढला. रोज बंदरावरची माणसं तपासणाऱ्या बाईला तो कशाचा ते विचारावं लागलं नाही. तो कशासाठी ठेवला होता हेही, थोड्या वेळानं, त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं.

"भाभी," त्या म्हणाल्या, "काल दुपारी मी विचारलं तेव्हा..."

तिकडून फोन लागला. त्या बोलायला लागल्या, भराभर, वजन, वय, गोळ्यांचा आकडा, रात्रीपासून लघवी जवळजवळ नाही, ॲम्ब्युलन्स लगेच निघते. बोलताना शिसं त्यांच्या मुठीतच होतं.

टेबलावरचं एक खोकं वाऱ्यानं खाली जमिनीवर पडलं, अक्षरं वर. कुलसुमनं ते पाहिलं. ती वाकली नाही. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि दाराबाहेर, नझीरच्या खाटेकडे गेली.